आजीचं बोलणं इंग्रजीत नेताना

एका वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडक्यात: 'मी २९ वर्षांची. पुण्यात रशियन घेऊन एम.ए. केलं, दहा महिने मॉस्कोत राहिले. सध्या एका छोट्या प्रकाशनासाठी रशियन ग्रामीण कथांचा इंग्रजी अनुवाद करते आहे. पहिल्या तीन कथांमध्ये मी वाक्प्रचार शब्दशः ठेवले होते. संपादकांनी पानोपानी पेन्सिलच्या रेघा मारून कथा परत पाठवल्या. शेरा एवढाच, की हे इंग्रजी वाटत नाही. मग मी प्रत्येक रशियन वाक्प्रचाराला इंग्रजी वाक्प्रचार शोधून घातला. ते माझ्या सरांना दाखवलं, तर ते म्हणाले, कथेतली आजी रशियातली आणि बोलते इंग्लंडातल्या यॉर्कशायरचं, यातला रशिया कुठे गेला? दोघांपैकी बरोबर कोण? आणि खरं सांगायचं तर झोप उडाली आहे ती दुसऱ्याच प्रश्नाने. रशियन माझी नाही, इंग्रजीही माझी नाही. माझी मराठी. तीच मधे येत असेल का? हे काम मी सोडून द्यावं का? ताई, स्पष्ट सांगा.'

प्रिय मैत्रिणी,

तुम्ही पत्रासोबत पेन्सिलच्या रेघांच्या एका पानाचा फोटो पाठवलात, ते फार बरं केलंत. मी तो मोठा करून नीट पाहिला आणि रेघा मोजल्या. एकूण अकरा. त्यातल्या वाक्प्रचारांखाली किती असतील? तीन. उरलेल्या आठांपैकी पाच रेघा 'ए' आणि 'द' यांच्यावर आहेत, कुठे सुटलेत, कुठे उगाच आलेत. आणि तीन रेघा अगदी चिमुकल्या शब्दांखाली, जे तुम्ही रशियनमधून उचलून जसेच्या तसे पलीकडे ठेवलेत.

म्हणजे वाक्प्रचारांमुळे तुमचं इंग्रजी परकं वाटतंय, हे तुम्ही धरून चाललात आणि त्याच एका जागी दोन महिने झटलात. संपादकांचा शेराही मोघम होता, त्यामुळे तुमचा तसा समज होणं साहजिक आहे. पण आधी ते आठ बघू या.

रशियनमध्ये 'ए' आणि 'द' नाहीत. मराठीतही नाहीत. फ्रेंच किंवा जर्मन माणूस रशियनमधून इंग्रजीत येतो तेव्हा त्याची स्वतःची भाषा त्याला इथे सावध करते. आपल्याला दोन्हीकडून कोणीच सावध करत नाही. वाक्प्रचारात तर हे फार बोचतं, कारण 'आउट ऑफ द ब्लू' मधला 'द' गेला की सबंध वाक्प्रचारच परका होतो. यावर उपाय कंटाळवाणा आहे पण खात्रीचा आहे: शेवटचं एक वाचन फक्त या दोन शब्दांसाठी ठेवायचं. कथेकडे लक्ष द्यायचं नाही, भाषेच्या सौंदर्याकडे नाही. प्रत्येक नामापाशी थांबून विचारायचं, ही गोष्ट वाचकाला आधीपासून माहीत आहे की आत्ता पहिल्यांदा भेटते आहे? मी अजूनही असंच करते.

आता ते चिमुकले शब्द. तुमच्या पानावर शेजारीण आजीला म्हणते, 'ती झे ज़्नायेश'. तुम्ही 'झे'साठी 'आफ्टर ऑल' घातलंत, कारण शब्दकोशात तसं आहे. पण हेच वाक्य मराठीत म्हणून बघा: 'तुला माहितीये की!' हा 'की' म्हणजेच तो 'झे'. तुमच्या आजीने हा 'की' हजारदा वापरलाय आणि त्याला अर्थ काय असं तिला कोणी विचारलं तर ती गोंधळून जाईल. इंग्रजी आजी इथे वेगळा शब्द घालत नाही, ती नुसतं 'यू नो हाऊ इट इज' म्हणते आणि स्वर तेवढा ओढते. खालच्या ओळीतलं 'दा न्येत, नव्येर्नये' सुद्धा तसंच. हो, नाही, बहुधा, असे तीन शब्द ओळीने. इंग्रज बुचकळ्यात पडतो. आपण मात्र सहज 'नाही बहुतेक' म्हणतो आणि तिथून 'प्रॉबेबली नॉट' दोन पावलांवर असतं.

तुमच्या झोप उडवणाऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथेच दिसतं. तुमची मराठी तुमच्या मधे येत नाहीये. तुम्ही तिला कामाला लावलेलंच नाही.

आता त्या तीन वाक्प्रचारांकडे येऊ. तिन्ही एकाच वाक्यात आहेत. मॉस्कोहून लांबचा नातलग रात्री अचानक दारात उभा राहिला आहे आणि आजी चुलीवरचं भांडं ढवळता ढवळता शेजारणीला सांगते, की हा आला 'काक स्न्येग ना गोलवू', म्हणजे डोक्यावर बर्फ पडावा तसा. नात्याने हा 'सिद्माया वदा ना किसिल्ये', किसेल या दाट पेयाचं सातवं पाणी. आणि घरात खायला 'कोत नप्लाकल', मांजर रडलं असेल तेवढंच.

तुमच्या पहिल्या खर्ड्यात बर्फ, सातवं पाणी आणि मांजराचे अश्रू असं सगळं एका ओळीत होतं. इंग्रजी वाचकाला ही आजी म्हणजे मोठी कवयित्री वाटेल, नाहीतर तिचं डोकं फिरलंय असं वाटेल. पण आजी अगदी रोजचं बोलते आहे. आपण 'तो दत्त म्हणून दारात उभा' असं म्हणतो तेव्हा तीन शिरं, चार कुत्री आणि गाय डोळ्यांसमोर आणतो का? 'घरात औषधालाही साखर नाही' म्हणताना आपल्याला औषधाची बाटली दिसते का? शब्द वापरून वापरून त्यातलं चित्र झिजून गेलेलं असतं. रशियन माणसाला 'कोत नप्लाकल' म्हणताना मांजर दिसत नाही. तुम्हाला दिसतं, कारण तुम्ही तो वाक्प्रचार वर्गात, फळ्यावर, अर्थासकट शिकलात. परभाषा शिकणाऱ्या प्रत्येकाचं असं होतं आणि त्या चित्रांच्या आपण प्रेमातही पडतो. ते प्रेम मला पूर्ण समजतं. पण मूळ लेखकाने जिथे चित्र काढलेलंच नाही तिथे आपण ते काढायचं, ही निष्ठा म्हणता येणार नाही.

दुसऱ्या खर्ड्यात तुम्ही तीन इंग्रजी वाक्प्रचार ओळीने बसवलेत. ते वाचताना मला शाळेतल्या निबंधाची आठवण झाली, जिथे गुण मिळावेत म्हणून म्हणी पेरलेल्या असतात. रशियन बोलीत तीन वाक्प्रचार एका दमात खपून जातात. इंग्रजीत तेवढेच घातले की बोलणारा खटाटोप करतोय असं वाटतं. वाक्प्रचाराच्या बदल्यात वाक्प्रचारच द्यायला हवा, हे कुणी ठरवलं? तुमच्या सरांनी नाही, संपादकांनीही नाही. हा नियम तुम्हीच स्वतःवर लादून घेतला.

मी असती तर काय केलं असतं ते सांगते. बर्फ सोडून दिला असता. 'विदाउट अ वर्ड ऑफ वॉर्निंग' एवढं साधं पुरतं. मांजरही सोडलं असतं, 'नेक्स्ट टू नथिंग इन द हाउस'. सगळा जीव किसेलमध्ये ओतला असता, कारण ते भांडं चुलीवर समोर आहे, आजीच्या हातात डाव आहे आणि इथे झिजलेला वाक्प्रचार जागा होण्याची सोय लेखकानेच करून ठेवली आहे. किसेल हे आता फळांच्या रसाला बटाट्याचं स्टार्च लावून दाट केलेलं पेय असतं, पूर्वीचं ओटचं किसेल आपल्या आंबिलीच्या जवळचं. त्यावरून सात वेळा पाणी फिरवल्यावर जेवढी चव उरेल तेवढं ते नातं. इंग्रजीत साधारण असं: 'ही इज फॅमिली द वे द सेव्हन्थ रिन्स ऑफ द पॉट इज स्टिल किसेल'. तळटीप नको, शब्दार्थ नको, भांडं समोर आहेच. तीनपैकी एक चित्र राहिलं, पण ते ठसतं. तुमच्या सरांना रशिया मिळतो आणि संपादकांना इंग्रजी.

सरांच्या बोलण्यात तथ्य आहेच. 'व तूलु सा स्वाईम समवारम' घ्या. तूला हे मॉस्कोच्या दक्षिणेला सुमारे दोनशे किलोमीटरवरचं शहर अठराव्या शतकापासून सामोवारांसाठी, म्हणजे चहाचं पाणी उकळण्याच्या भांड्यांसाठी, प्रसिद्ध. तिथे जाताना घरून सामोवार न्यायचा म्हणजे नागपूरला जाताना संत्र्यांची पेटी नेण्यातला प्रकार. शब्दकोश सांगेल, 'कॅरिंग कोल्स टू न्यूकॅसल'. अर्थ तंतोतंत जुळतो. पण न्यूकॅसल हे इंग्लंडच्या ईशान्येचं एकेकाळचं कोळशाचं बंदर आहे आणि रशियन खेड्यातल्या म्हाताऱ्याच्या तोंडी ते आलं की वाचक कथेतून उडून थेट इंग्लंडात पडतो. इथे तूला आणि सामोवार तसेच ठेवा. सामोवार इंग्रजी वाचकाला ठाऊक आहे, वाक्याच्या रचनेवरून उरलेलं कळतं. 'मॉस्को एका दिवसात उभी राहिली नाही' या अर्थाच्या रशियन म्हणीचंही तेच. इंग्रजीतल्या रोमची सर्वांना सवय आहे म्हणूनच मॉस्को लगेच समजते. गावाचं, नदीचं, देवाचं नाव असलेला इंग्रजी वाक्प्रचार रशियन पात्राच्या तोंडी घालताना दहादा विचार करा. 'व्हेन पिग्ज फ्लाय' (म्हणजे कधीच नाही) सारख्याला ठावठिकाणा नाही, म्हणून डोंगरावर शीळ घालणाऱ्या रशियन खेकड्याच्या जागी ती उडणारी डुकरं फारशी खटकत नाहीत.

कधी कधी तर चित्राचा प्रवास पाहून मीच हरखून जाते. 'मिद्व्येझ्या उस्लूगा' म्हणजे अस्वलाची सेवा, मदत करायला जाऊन केलेलं नुकसान. हा वाक्प्रचार रशियन बोधकथाकार क्रिलोवच्या एका कथेवरून आला. झोपलेल्या मित्राच्या कपाळावरची माशी मारायला अस्वल दगड उचलतं. क्रिलोवच्या आधी हीच गोष्ट फ्रेंचमध्ये ला फोंतेनने सांगितली होती आणि १६७८ च्या आपल्या संग्रहात त्याने पिल्पाय नावाच्या भारतीय ज्ञानी पुरुषाचं ऋण मानलं आहे. माशी मारायला तलवार उगारणारं राजाचं माकड तुम्ही लहानपणी पंचतंत्रात वाचलंच असेल. मूर्ख मित्रापेक्षा शहाणा शत्रू बरा, हे आपण त्यावरूनच म्हणतो. तरीही, इतकी ओळख निघूनसुद्धा, इंग्रजी वाचकाला 'बेअर सर्व्हिस' म्हटलं तर काही बोध होत नाही. तिथे बहुतेक वेळा 'डिसर्व्हिस' हा साधा शब्दच लिहावा लागतो. अस्वल जातं. वाईट वाटतं, पण जाऊ द्यावं लागतं.

हे झालं कथांचं. तुमच्यासारख्या अनेक जणी दिवसा कंपन्यांची पत्रं, करार, बैठका सांभाळतात आणि रात्री साहित्य करतात. त्यांच्यासाठी थोडं वेगळं सांगते. करारात किंवा बैठकीत चित्राला जागा नाही, समोरच्याला काय कळेल तेवढंच महत्त्वाचं. १९५९ मध्ये मॉस्कोतल्या अमेरिकी प्रदर्शनात सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष निक्सन यांना 'कूज़्काची आई दाखवतो' असं म्हणाले आणि शब्दशः भाषांतराने पाहुणे चक्रावले. अर्थ होता, चांगलाच इंगा दाखवतो. कूज़्का कोण हे सामान्य रशियन माणूस सांगू शकत नाही, जसं इंगा म्हणजे काय हे आपल्यातल्या बहुतेकांना सांगता येणार नाही.

त्याआधीचा प्रसंग जास्त शिकवणारा आहे. १८ नोव्हेंबर १९५६ ला मॉस्कोतल्या पोलंडच्या दूतावासात ख्रुश्चेव्ह पाश्चात्त्य राजदूतांसमोर 'मी वास पखरोनिम' म्हणाले. दुभाषे विक्तोर सुखद्रेव यांनी 'वुई विल बरी यू' असं शब्दाला शब्द दिलं आणि नाटो देशांचे राजदूत उठून गेले. ख्रुश्चेव्हना इतिहासात भांडवलशाही आधी संपेल असं म्हणायचं होतं. १९६३ मध्ये युगोस्लाव्हियात त्यांनीच खुलासा केला, की फावड्याने पुरण्याबद्दल ते बोलत नव्हते. मराठीत आपण म्हणतो ना, ही म्हातारी आपल्या सगळ्यांना पोचवून मगच जाईल, तोच भाव. आणि गंमत बघा, इंग्रजीतही 'शी विल बरी अस ऑल' असं सहज म्हणतात. शब्द बरोबर, वाक्प्रचारही दोन्हीकडे सारखा. पण दोनच आठवड्यांपूर्वी सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले होते. ऐकणाऱ्यांना धमकी ऐकू आली, कारण धमकीचेच दिवस होते. म्हणून नेमकी जोडी सापडली तरी लगेच निर्धास्त होऊ नका. कोण बोलतंय, कोणाला, कधी, हे बघून मगच ती वापरा.

तुमची मराठी कामाला कशी लावायची, ते आता सांगते. रशियन वाक्य वाचा, पुस्तक उलटं ठेवा आणि तुमच्या घरातलं कोणतं माणूस हे कसं म्हणेल ते मोठ्याने म्हणा. आजी, सोसायटीचा वॉचमन, शाळेतल्या बाई, ज्या पात्राचं वय आणि ऐट जुळेल ते. 'दत्त म्हणून', 'औषधालाही' असं काही तोंडातून आलं की त्या वाक्प्रचाराचा झिजलेपणा, त्यातली चीड, माया, कुरकुर तुम्हाला कानांनी कळते. शब्दकोश तेवढं देत नाही. मग ते मराठी समोर ठेवून इंग्रजी लिहा आणि शेवटी रशियनशी ताडून बघा. मराठी इथे परांचीसारखी आहे, इमारत झाली की उतरवायची. दत्त इंग्रजीत पोचला नाही पाहिजे.

शब्दकोश हवाच. सोफिया लुबेन्स्की यांचा रशियन-इंग्रजी वाक्प्रचारांचा कोश (१९९५, सुधारित आवृत्ती २०१३) मला सर्वांत उपयोगी वाटतो, कारण तो एका वाक्प्रचाराला एकच उत्तर देत नाही. वाक्यरचनेप्रमाणे आणि बोलण्याच्या पातळीप्रमाणे वेगवेगळी देतो. रशियन भाषेचा राष्ट्रीय कॉर्पस, म्हणजे शोधता येईल असा मजकुरांचा मोठा साठा, इंटरनेटवर मोफत आहे. एखादा वाक्प्रचार आज खरंच कोणी बोलतं का, की तो फक्त पाठ्यपुस्तकात उरलाय, हे तिथे दहा मिनिटांत कळतं. त्यात रशियन-इंग्रजी समांतर मजकूरही आहे. दुसऱ्यांनी काय केलं ते जरूर बघा, पण स्वतःचा खर्डा झाल्यावर बघा.

वही ठेवत असाल तर 'हा वाक्प्रचार बरोबर तो वाक्प्रचार' अशा जोड्या लिहू नका. कोणत्या पात्राने, कोणत्या मनःस्थितीत म्हटलं आणि तिथे तुम्ही काय केलं, हे लिहा. माझ्या वहीत 'रूकी नि दख़ोद्यात' (हात पोचत नाहीत, म्हणजे सवडच होत नाही) याच्यासमोर पाच वेगवेगळी वाक्यं आहेत आणि पाचांतल्या एकातही हात नाही.

शिष्टाचाराचे बोल मात्र वेगळे सांभाळावे लागतात. मॉस्कोत पहिल्या परीक्षेला निघाले तेव्हा घरमालकीणबाई दारात म्हणाल्या, 'नि पूख़ा नि पिरा'. ना पिसं, ना पर, शिकाऱ्यांच्यातली जुनी शुभेच्छा, दृष्ट लागू नये म्हणून उलटी दिलेली. मी हसून 'स्पसीबा' म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मला जिन्यावरून परत बोलावलं आणि 'क चोर्तु', सैतानाकडे जा, असं माझ्याकडून वदवून घेतलं, तेव्हा कुठे त्यांना बरं वाटलं. कथेत असा प्रसंग आला तर नुसतं 'गुड लक' आणि 'थँक यू' करून ती बाई नाहीशी करू नका. तिचा उतरलेला चेहरा इंग्रजीत आला, तर शुभेच्छेचे शब्द साधे असले तरी चालतील.

काम सोडायचं का? नाही. पण एक व्यावहारिक गोष्ट मान्य करा. मातृभाषेतच अनुवाद करावा हा या व्यवसायातला रूढ संकेत आहे आणि तो अगदीच निराधार नाही. तेव्हा इंग्रजीतच वाढलेला, रशियन अजिबात न येणारा एक वाचक शोधा. त्याला 'बरोबर आहे का' असं विचारू नका, 'कुठे थांबलास' असं विचारा. आणि एखाद्या रशियन मैत्रिणीला विचारा, तुझी आजी असं म्हणेल का, तू स्वतः हे शेवटचं कधी म्हणालीस? शिवाय यातली एक कथा मराठीत करून बघा. माझ्या पिढीतल्या कितीतरी घरांत मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा प्रकाशनांची मराठी पुस्तकं होती, आम्ही त्यांवरच वाढलो. तो वाचक अजून आहे, आणि तिथे तुम्हाला परांची लागणारच नाही.

संपादकांना आजच पत्र लिहा, सुधारलेल्या कथांची वाट बघू नका. त्या एका पानावरच्या अकरा रेघांपैकी कोणती कशासाठी, हे विचारा. सोबत आजीच्या त्या वाक्याचे तुमचे तीन खर्डे पाठवा आणि तिसरा का निवडला ते चार ओळींत सांगा. सरांनाही तेच पाठवा.

तुमची चौथी कथा बान्यात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात सुरू होते असं तुम्ही लिहिलंय. नवरा लालबुंद होऊन बाहेर येतो आणि बायको 'स ल्योख़किम पारम' म्हणते. हलक्या वाफेचं हे अभीष्टचिंतन इंग्रजीत नाहीच. तिथे त्या बाईच्या हातात टॉवेल आहे का, ती हसते आहे का, त्यांचं आदल्या रात्री भांडण झालंय का, हे मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. ते पान आधी मराठीत मोठ्याने वाचा.